बेसच्या गजाला कोणती राळ?

जत्रेत एक खेळणे मिळते. लहानशा डबीच्या तोंडावर कागद ताणून चिकटवलेला असतो. कागदाच्या मधोमध एक दोरा ओवलेला असतो आणि दोऱ्याचे दुसरे टोक एका काडीच्या खाचेत सैलसर अडकवलेले असते. काडी हातात धरून डबी गरगर फिरवली की बेडूक ओरडल्यासारखा टर्रर्र आवाज येतो. चार-आठ दिवसांनी खेळणे मुके होते. दोरा शाबूत असतो, कागदही फाटलेला नसतो. मग बिघडले काय? काडीच्या खाचेत तपकिरी, काचेसारखा चकचकीत थर दिलेला होता, तो झिजून गेलेला असतो. हा थर राळेचा.

डबल बेस वाजवणाऱ्यापुढे हाच प्रश्न रोज उभा असतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदात मागच्या बाजूला माणसाहून उंच अशी व्हायोलिनच्या आकाराची वाद्ये दिसतात, ती डबल बेस. वादक उभा राहून किंवा उंच स्टुलावर टेकून ते वाजवतो. हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात हे वाद्य बहुधा बोटांनी छेडलेले ऐकू येते, पण त्याचे मूळचे काम गजाने वाजवण्याचे. गज म्हणजे लाकडी कांडीवर ताणलेले घोड्याच्या शेपटीचे केस. नवे केस भरलेला गज तारेवर फिरवून पाहा. काहीही वाजत नाही. केसांवर सूक्ष्म खवले असतात आणि ते तार खेचतात, असे अजूनही पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. त्यात तथ्य असते तर कोरा गजही वाजला असता. उलट प्रयोगशाळेत केसांऐवजी राळ लावलेली काचेची कांडी तारेवरून फिरवून तार व्यवस्थित वाजवता आली आहे, आणि काचेला खवले नसतात. केस राळ धरून ठेवतात. तार खेचण्याचे काम राळेचे.

आपल्याकडे सारंगी, दिलरुबा आणि व्हायोलिन वाजवणाऱ्यांना राळ चांगली ठाऊक असते. बेसवादक मात्र तिच्याबद्दल इतरांपेक्षा जास्त चोखंदळ असतात, आणि त्याला भौतिकशास्त्रीय कारण आहे.

आधी तार कशी वाजते ते पाहू. गज एका दिशेने सरकतो तेव्हा तार राळेमुळे त्याला चिकटून त्याच्याबरोबर ओढली जाते. ताण वाढत जातो आणि एका क्षणी तार निसटते, झपकन मागे येते, पुन्हा चिकटते. ‘चिकटणे-निसटणे’ असे हे चक्र. हर्मान हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने आपल्या १८६३ सालच्या ग्रंथात या हालचालीचे वर्णन दिले. डोळ्यांना तार फुगीर दिसते, पण कोणत्याही एका क्षणी ती दोन सरळ रेषांची असते आणि त्या रेषा जिथे मिळतात तो कोपरा तारेवरून धावत फेऱ्या मारत असतो. कोपरा गजापाशी आला की तार सुटते, घोडीवर आपटून परत गजापाशी आला की पुन्हा पकडली जाते. या विषयावर पुढचे मोठे काम कोलकात्यात झाले. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९१८ साली गजाने वाजणाऱ्या तारांच्या कंपनांवर सविस्तर प्रबंध प्रसिद्ध केला आणि १९२० मध्ये गजाचा वेग व दाब मोजून देणारे यंत्रही बनवले. रामन परिणामाच्या आधीचे हे रामन आपल्या पाठ्यपुस्तकांत फारसे भेटत नाहीत, याची खंत वाटते.

आता आकडे घालून पाहू. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला ४१ कंपने करते, म्हणजे एका कंपनाला सुमारे २४ मिलिसेकंद लागतात. तारेची लांबी १०५ सेंटीमीटर धरा आणि गज घोडीपासून १० सेंटीमीटरवर आहे असे माना. निसटण्याचा काळ आवर्तकालाच्या साधारण एक-दशांश असतो, म्हणजे २.३ मिलिसेकंद. उरलेले २२ मिलिसेकंद तार गजाला चिकटून असते. गजाचा वेग सेकंदाला ३० सेंटीमीटर असेल तर तेवढ्या वेळात तार साडेसहा मिलिमीटर ओढली जाते, आणि मग तेच अंतर २.३ मिलिसेकंदांत उलट दिशेने तोडते. हा वेग सेकंदाला जवळजवळ तीन मीटर होतो! राळेला एवढ्या वेगाने निसटू द्यायचे असते आणि लगेच घट्ट पकडायचेही असते. नुसता डिंक लावला असता तर तार चिकटून बसली असती. तेल लावले असते तर घसरतच राहिली असती.

अकरावीच्या वर्गात आपण शिकवतो की स्थितिक घर्षण गतिक घर्षणापेक्षा जास्त असते आणि गतिक घर्षण वेगावर अवलंबून नसते. पहिले विधान राळेला लागू पडते, दुसरे मुळीच नाही. केंब्रिजच्या जे. एच. स्मिथ आणि जिम वुडहाउस यांनी २००० साली राळेच्या घर्षणाची मोजमापे प्रसिद्ध केली. सरकण्याचा वेग अगदी कमी असताना व्हायोलिनच्या राळेचा घर्षणांक १.२ च्या आसपास होता. वेग वाढवत नेल्यावर तो ०.३५ ते ०.४ पर्यंत उतरला. मात्र त्यांचा खरा निष्कर्ष याच्या पुढचा आहे. तार प्रत्यक्ष वाजत असताना घर्षण या आलेखावरूनही चालत नाही. वेग तोच असला तरी निसटताना घर्षण एक असते आणि पुन्हा पकडताना दुसरे. याचे कारण त्यांनी तापमानात शोधले. निसटताना घर्षणाने उष्णता निर्माण होते, राळेचा अतिशय पातळ थर क्षणभर तापून मऊ पडतो आणि तार सुटते. वेग थांबला की थर निवतो, कडक होतो आणि तार पकडली जाते. बोट लावून हे कळणार नाही, पण प्रत्येक कंपनात राळ मऊ होते आणि पुन्हा घट्ट होते. राळेची निवड म्हणजे ती किती तापमानाला मऊ पडावी याची निवड.

ही मऊ पडण्याची गोष्ट राळेच्या घडणीतून येते. चीड किंवा पाइन झाडाच्या खोडाला खाच पाडली की चिकट द्रव झिरपतो. आपल्या देशात हिमाचल प्रदेश, उत्तराखंड आणि जम्मू-काश्मीर या भागांत चीडच्या जंगलांतून तो गोळा होतो. त्याचे ऊर्ध्वपातन केले की टर्पेंटाइन उडून जाते आणि मागे राळ उरते. तिचा मोठा भाग अॅबिएटिक आम्ल आणि त्याच्या भावंडांचा असतो. युरोपीय भाषांत तिला कोलोफोनी म्हणतात, ते आजच्या तुर्कस्तानात असलेल्या कोलोफोन या प्राचीन ग्रीक नगरावरून. राळ स्फटिकरूप नसते, काचेसारखी अस्फटिकी असते. बर्फ शून्य अंशाला वितळतो तसा राळेला ठरावीक द्रवणांक नाही. शुद्ध राळ ७०-८० अंश सेल्सिअसला चांगली मऊ पडते, पण तिचा ठिसूळपणा त्याआधीच, चाळीस-पन्नास अंशांपासून ढळू लागतो. आपल्याकडे उन्हाळ्यात बंद मोटारीत ठेवलेल्या पेटीत एवढे तापमान सहज होते. त्यात मेण, तेल किंवा थोडे टर्पेंटाइन मिसळले की मऊ पडण्याचा पट्टा आणखी खाली येतो. राळ बनवणाऱ्यांची पिढीजात गुपिते बहुतेक या मिश्रणाचीच असतात.

इथे एक सावधगिरीची सूचना. काष्ठौषधींच्या दुकानात ‘राळ’ मागितली तर बहुधा साल वृक्षाची राळ मिळते. धूप, मलमे यांसाठी ती योग्य, पण गजासाठी हवी ती चीडची. चीडच्या राळेला बाजारात गंधाबिरोजा किंवा नुसते बिरोजा म्हणतात. सोल्डरिंग करणाऱ्यांकडे मिळते तीही हीच.

मग बेसला वेगळी राळ का? व्हायोलिनची का चालू नये?

पहिले कारण तारेचे वजन. नेहमीचे ताण धरून हिशेब केला तर बेसची सर्वांत जाड तार दर मीटरला चाळीस ग्रॅमच्या आसपास भरते, तर व्हायोलिनची सर्वांत जाड तार जेमतेम तीन ग्रॅम. एवढी जड तार ओढून धरायची तर पकड जास्त हवी. म्हणून बेसचा गज व्हायोलिनच्या गजाच्या दुपटीहून जड असतो आणि त्यावर अनेकदा जाडसर काळे केस भरतात.

दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते, ते वेळेचे. स्वर सुरू होताना तार एकदम नियमित चक्रात शिरत नाही. आधी थोडा काळ ती अडखळते, खरखरते किंवा नुसतीच घसरते. नॉर्वेचे कनुट गेटलर स्वतः डबल बेसवादक होते आणि स्वरांच्या या आरंभावर त्यांनी आयुष्यभर संशोधन केले. त्यांनी आणि स्वीडनच्या आन्डर्स आस्कनफेल्ट यांनी १९९७ साली व्हायोलिनच्या स्वरांवर एक चाचणी प्रसिद्ध केली. सुरुवातीची खरखर सुमारे ५० मिलिसेकंदांपर्यंत आणि घसरण सुमारे ९० मिलिसेकंदांपर्यंत असेल तर जाणकार ऐकणारे ती चालवून घेतात, असे त्यात आढळले. व्हायोलिनची सर्वांत जाड तार सेकंदाला १९६ कंपने करते, म्हणजे ५० मिलिसेकंदांत जवळजवळ दहा कंपने होतात. जमायला दहा संधी! बेसच्या जाड तारेची तेवढ्या वेळात दोनच कंपने होतात. व्हायोलिनचा निकष बेसला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण अडचण किती मोठी आहे याचा अंदाज येतो. बेसवादकाची तार पहिल्या-दुसऱ्या चक्रातच पकडली गेली पाहिजे, नाहीतर सगळ्या वाद्यवृंदाचा पायाचा स्वर उशिरा उगवतो. कडक, कोरडी राळ लावली तर आधी ‘हुस्स’ असा घसरल्याचा आवाज येतो आणि मग स्वर येतो. बेसची राळ मऊ आणि चिकट असते ती यासाठी.

तर मग जास्तीत जास्त चिकट राळ घ्यावी का? तसे करणाऱ्यालाही फार काळ सुख लागत नाही. अमेरिकन अभियंते आणि हौशी चेलोवादक जॉन शेलेंग यांनी १९७३ साली गजाच्या दाबाच्या दोन मर्यादा सूत्ररूपात मांडल्या. किमान मर्यादेच्या खाली तार नीट पकडली जात नाही आणि एका चक्रात दोनदा निसटते. कमाल मर्यादेच्या वर ती वेळेवर सुटतच नाही आणि आवाज घरघरतो. स्थितिक आणि गतिक घर्षणांकांतला फरक वाढला की या दोन्ही मर्यादा खाली येतात. म्हणजे चिकट राळेने कमी दाबात तार बोलते खरी, पण जरा जोर दिला की ओरडू लागते. द्रुत लयीत गज तारेवर उड्या मारतो तेव्हा अशी राळ स्वरांची टोके लडबडवते. गजाचे केस पुंजक्यांनी चिकटतात, तारांवर काळपट लेप साठतो. जे वादक एकल वादन जास्त करतात, वरच्या पातळ तारांवर जास्त राहतात, ते म्हणूनच थोड्या कडक राळेकडे वळतात. वाद्यवृंदात खालचे लांब स्वर धरणाऱ्यांना मऊ बरी वाटते.

बाजारात बेसच्या राळेची काही नावे प्रसिद्ध आहेत. अमेरिकेतली पॉप्स ही चिकटपणाच्या टोकाची समजली जाते. ती इतकी मऊ असते की आडव्या ठेवलेल्या डबीतून हळूहळू ओघळून बाहेर येते. स्वीडनच्या कार्लसन आणि नीमन या तुलनेने कोरड्या. कोलस्टीनची राळ मऊ, कडक आणि सर्व हवामानांसाठी अशा वेगवेगळ्या प्रकारांत मिळते. नावे लक्षात ठेवण्यापेक्षा हा क्रम लक्षात ठेवणे उपयोगी. रंगावर मात्र जाऊ नये. गडद राळ मऊ आणि फिकट राळ कडक असा समज आहे आणि पुष्कळदा तो बरोबर ठरतो, पण रंग ऊर्ध्वपातनाच्या तापमानावर आणि मिसळलेल्या पदार्थांवरही ठरतो. सोन्या-चांदीचे कण घातलेली महागडी राळही विकली जाते. तीन मीटर वेगाने निसटणाऱ्या तारेखालच्या थरात त्या कणांनी काय फरक पडावा, हे मला तरी पटलेले नाही.

खरा कसोटीचा प्रश्न हवेचा. मऊ पडण्याचा पट्टा ठरलेला, आणि खोलीचे तापमान त्याच्या किती खाली आहे यावर राळेची वागणूक ठरते. थंड देशांतले वादक म्हणूनच हिवाळ्यात मऊ आणि उन्हाळ्यात कडक अशा दोन राळा बाळगतात. मुंबईत २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला. मुंबईतल्या बेसवादकाला ऋतू बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. घरी तालीम करताना पंख्याखाली ३३ अंश, सभागृहात वातानुकूलनामुळे २२-२३ अंश. घरी मधासारखी पकडणारी राळ मंचावर अडून बसते. त्याने राळ निवडायची ती मंचावरच्या तापमानात पारखून, दुकानात किंवा घरी नव्हे. पावसाळ्यात आणखी एक घोटाळा होतो. दमट हवेत घोड्याचे केस लांबतात आणि गज सैल पडतो, आणि दोष मात्र राळेला दिला जातो. आधी गजाचा स्क्रू आवळून पाहावा.

लावण्याची रीतही वेगळी आहे. व्हायोलिनवादक राळेच्या वडीवर गज पुढे-मागे घासतो आणि पांढरी भुकटी उडते. बेसची राळ तशी घासली तर घर्षणाने तापून केसांवर गुठळ्या होतात. म्हणून बेसवादक बहुधा एकाच दिशेने, मुठीकडून टोकाकडे, सावकाश दोन-चार वेळा गज ओढतात. जुनी राळ हवा लागून कडक होत जाते. वर्ष-दोन वर्षांनी ती वडी बदलणे श्रेयस्कर. लावल्यानंतर पहिली परीक्षा जाड तारेवरच घ्यावी. गज स्थिर ठेवून, हलक्या दाबाने, हळू सुरुवात करावी. स्वर ‘हुस्स’ करून आला तर राळ कडक किंवा अपुरी आहे. ‘कर्र’ करून आला तर मऊ किंवा जास्त झालेली आहे.

वर्गात बेस आणणे शक्य नसते, पण कागदी पेला शक्य असतो. पेल्याच्या बुडाला भोक पाडून सुती दोरा ओवा, आत गाठ मारा. दोरा कोऱ्या बोटांत धरून ओढा, मग बोटांवर बिरोजाची पूड लावून ओढा. पेला बदकासारखा ओरडेल. मग दोन दोऱ्यांना राळ चोळा. एक दोरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये तासभर ठेवा, दुसरा तसाच पिशवीत घालून कोमट पाण्याच्या भांड्यात बुडवा. काढल्याबरोबर दोन्ही ओढून पाहा आणि कोणता आवाज लवकर सुरू होतो, कोणता खरखरतो ते मुलांना लिहून काढू द्या. राळेची पूड उडवू नये. काहींना तिची अॅलर्जी होते, आणि सोल्डरिंग करताना निघणाऱ्या राळेच्या धुराने दमा जडल्याची उदाहरणे वैद्यकात सुपरिचित आहेत. बोटे साबणाने निघाली नाहीत तर थोड्या स्पिरिटने पुसावीत, राळ त्यात विरघळते. वाद्यावर मात्र स्पिरिट लावू नये. अनेक वाद्यांचे वॉर्निशही त्यात विरघळते आणि राळेबरोबर तेही निघून येते. तारेवर साठलेला थर काढायचा असेल तर फडके दूर नेऊन स्पिरिटने ओले करावे, खाली लाकडावर कोरडे कापड पसरावे, आणि मगच तार पुसावी.